राजवाड्यापलीकडचे म्हैसूर : स्वागताध्यक्षीय भाषण



म्हैसूर म्हटले की दसरा आणि दिव्यांनी उजळलेला राजवाडा डोळ्यांपुढे येतो. परंतु १८९७ च्या आगीनंतर हेन्री आयर्विन यांच्या आराखड्याप्रमाणे उभारलेली आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू शहराच्या घडणीची निम्मी हकिकतही सांगत नाही. १८३१ मध्ये इंग्रजांनी हाती घेतलेला म्हैसूर संस्थानाचा राज्यकारभार १८८१ मध्ये वडियार राजघराण्याकडे परत आला, आणि त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांच्या पुढाकाराने प्रजाप्रतिनिधी सभा, म्हणजे रयतेची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालणारी पण कायदे करण्याचा अधिकार नसलेली सभा, भरू लागली. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेले नगरभवन आजही उभे आहे. शतकाअखेरीच्या प्लेगने दाट वस्तीचे दुखणे उघड केले, आणि १९०३ मध्ये रस्ते, गटारे व नव्या वसाहतींची आखणी करणारे शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. १९०७ मध्ये कायदेमंडळही आले.

हा वारसा जपण्याची खरी कसोटी लागते ती रोजच्या वापरातील वास्तूंत. देवराज मार्केटात आजही मोगऱ्याचे गजरे, विड्याची पाने आणि कुंकवाचे रंगीत ढीग मांडले जातात. मात्र त्याच्या उत्तर बाजूचा भाग २०१६ मध्ये दुरुस्ती चालू असतानाच कोसळला, आणि त्याआधी २०१२ मध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लॅन्सडाउन इमारतीचा भाग पडून जीवितहानी झाली. पाडून नवे बांधावे की आहे ते सावरावे, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. चुन्यात बांधलेली विटांची भिंत ओल बाहेर टाकते, तर वरून चढवलेला सिमेंटचा गिलावा ती आत कोंडून ठेवतो. त्यामुळे अशा इमारतींचे आयुष्य वयापेक्षा देखभालीवर ठरते, आणि ती देखभाल राजवाड्याच्या वाट्याला येते तशी बाजाराच्या वाट्याला येत नाही.

प्रतिनिधींनी राजवाडा अवश्य पाहावा, पण एक सकाळ देवराज मार्केटसाठी राखून ठेवावी, आणि नगरपालिकांच्या ताब्यातील अशा वास्तूंच्या नियमित देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद असावी, असा ठराव या परिषदेत करावा, ही स्वागत समितीची विनंती आहे.