सुईच्या आकाराचे एक खनिज



खनिज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोखंडाचा नाहीतर तांब्याचा दगड येतो. आज मी ज्याविषयी बोलणार आहे ते खनिज फार थोडे सापडते. त्याचे नाव आयकिनाइट.

रशियात उरल पर्वताच्या पूर्वेस, येकातेरिनबुर्गजवळ बेरेझोव्स्की येथे येरोफेई मार्कोव्ह यास १७४५ साली सोने आढळले. तेथील गारगोटीच्या शिरांत शिशाच्या रंगाच्या काळसर सुया रुतलेल्या असतात. म्हणून जर्मन लोक या खनिजास 'सुईखनिज' म्हणत. पुढे १८४३ साली चॅपमन यांनी त्यास आर्थर आयकिन यांचे नाव दिले. आयकिन हे लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होत.

ही सुई धातूसारखी चकाकते, पण तांब्याच्या नाण्यानेही तिच्यावर ओरखडा उठतो. वजनाला ती पाण्याच्या सुमारे सातपट. कालांतराने तिच्यावर तपकिरी वा तांबूस छटा चढते.

तिच्यात आहे काय? शिसे, तांबे, बिस्मथ आणि गंधक. यांपैकी बिस्मथ आपणांस पोटाच्या औषधांमुळे ठाऊक असेल. नुसते बिस्मथ आणि गंधक असले, तर ते बिस्मथिनाइट. आता हिशेब पाहा. त्यात बिस्मथच्या अणूवर विद्युद्भार तीन, शिशावर दोन, तांब्यावर एक. बिस्मथच्या जागी शिसे बसले की एकाची तूट पडते. ती भरण्यास तांब्याचा अणू जवळच्या रिकाम्या जागेत शिरतो. दोन आणि एक, तीन! निम्म्या बिस्मथची अशी बदली झाली की आयकिनाइट होते.

मग चौथ्या हिश्श्याचीच बदली झाली तर? दुधात पाणी मिसळावे तसे हे अणू कसेही विखुरलेले असतील, अशी अनेकांची समजूत होती. क्ष-किरणांनी निराळेच दाखविले. बोहेमियातील क्रुपका गावावरून नाव मिळालेल्या क्रुपकाइटचे वर्णन १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यात नेमकी चौथ्या हिश्श्याची बदली आहे, आणि अणू पंगतीतल्या पानांसारखे ठरल्या जागी बसलेले आहेत. अशा आणखीही पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी हे स्वतंत्र खनिज.

आपण विचाराल, याचा उपयोग काय? शिरेतून वाहिलेले द्रावण किती तापलेले होते, त्यात शिसे व तांबे किती होते, यांवर कोणती पायरी तयार होईल हे अवलंबून असते. सोन्याच्या शिरा कशा घडल्या, याचा पुरावा या सुयांत सापडतो. सोन्याची किंमत बाजार सांगतो; ते आले कसे, हे सांगण्यास अशी नगण्य सुई लागते. म्हणून एखादी वस्तू भेसळ म्हणून बाजूस सारण्यापूर्वी तिच्या आतील मांडणी पाहावी, एवढेच माझे सांगणे आहे.