मेंदूचे चित्र आणि पहिले साडेचार तास



आपल्या जळगाव जामोद परिसरात कुणाचे तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, की आपण म्हणतो, अंगावरून वारे गेले. मग कोणी तेल चोळतो, कोणी अंगारा लावतो. परंतु हा आजार वाऱ्याचा नसून मेंदूचा आहे, हे आपण प्रथम समजून घेतले पाहिजे.

या आजारात एक तर मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा ती वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही रोगी सारखेच दिसतात. उपचार मात्र उलट. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावाच्या रोग्यास दिले तर प्राणावर बेतते.

हा भेद सीटी स्कॅन दाखविते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडन येथे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच रोग्याच्या मेंदूचे असे चित्र घेतले. क्ष-किरण अनेक कोनांतून सोडले जातात व संगणक मेंदूचा आडवा छेद मांडतो. ताजे रक्त त्यात पांढरे दिसते. विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे, की हाउन्सफील्ड हे शेतकऱ्याचे पुत्र. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९७९ साली त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

गुठळीवरील औषध ३ तासांच्या आत दिल्यास गुण येतो, हे १९९५ साली अमेरिकेतील संशोधनाने दाखविले. २००८ साली युरोपातील संशोधनाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली.

आणि आपल्या विदर्भात काय स्थिती आहे? गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांचा 'सर्च' संस्थेचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले, आणि त्यांपैकी बहुतेक रोगी घरीच दगावले. रोगी घरीच राहिला, तर यंत्राचा व औषधाचा त्याला काय उपयोग?

म्हणून आमची विनंती आहे. लक्षण दिसताच वेळ लिहून ठेवा. खायला-प्यायला देऊ नका. ॲस्पिरिनची गोळी मनाने देऊ नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. रात्री स्कॅन व हे इंजेक्शन कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी सभासदांनी याच आठवड्यात करावी आणि तो पत्ता प्रत्येक घरी भिंतीवर लावावा.