बंदुकीच्या बळींची गणती



अमेरिकेत 2021 साली बंदुकीच्या गोळीने 48,830 माणसे मरण पावली. त्यांतील 26,328 मृत्यू आत्महत्येचे आणि 20,958 हत्येचे होते. वृत्तपत्रांची पहिली पाने व्यापणाऱ्या सामूहिक गोळीबारांचा वाटा, व्याख्या कितीही सैल धरली तरी, अल्पच होता. आत्महत्यांचे प्रमाण ग्रामीण राज्यांत आणि वयस्क गोऱ्या पुरुषांत अधिक आढळते, तर हत्येला बळी पडणाऱ्यांत तरुण कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा आहे. म्हणून दारिद्र्याचा या मृत्यूंशी संबंध तपासताना दोन्हींची बेरीज तशीच समाश्रयणात, म्हणजे एका राशीतील बदल इतर राशींच्या आधारे मोजणाऱ्या समीकरणात, घातली, तर मिळणारे उत्तर धड ग्रामीण आत्महत्यांचे राहत नाही की शहरी हत्यांचे.

हत्यांपुरते पाहिले तरी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: किती जणांना गोळी लागली, आणि लागलेल्यांपैकी किती दगावले, या दुसऱ्या प्रमाणाला मारकता म्हणतात. मारेकऱ्याचा निर्धार पक्का असेल तर शस्त्र कोणतेही चालते, हा युक्तिवाद जुना आहे. संशोधक फ्रँकलिन झिमरिंग यांनी 1972 साली शिकागोतील नोंदींवरून दाखवले, की .38 कॅलिबरच्या, म्हणजे जाड गोळीच्या, जखमा .22 च्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट प्राणघातक ठरतात. तरीही शंका उरली, कारण निर्धारी माणूसच मोठे पिस्तूल निवडत असेल, तर निर्धार हा छुपा घटक कारण आणि परिणाम या दोहोंना स्पर्श करून खोटा संबंध भासवू शकतो. अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोस्टन पोलिसांच्या 2010 ते 2014 च्या तपास-फायली वाचून जखमा किती, शरीरावर कोठे, प्रसंग कोणता, हे तपासले. निर्धाराच्या या खुणांचा कॅलिबरशी संबंध दिसला नाही, मृत्यूचा मात्र दिसला. असे काम विरळ आहे, आणि त्याचे एक कारण अगदी रुक्ष आहे: मृताचे प्रमाणपत्र निघते, पण वाचलेल्यांची देशव्यापी विश्वासार्ह मोजदाद नाही. त्यात बंदूक-नियंत्रणाच्या पुरस्कारासाठी सरकारी आरोग्य-निधी वापरण्यास मनाई करणाऱ्या 1996 च्या डिकी दुरुस्तीनंतर सरकारी संशोधन-निधी सुमारे दोन दशके जवळजवळ आटला. शास्त्राला प्रश्न विचारण्यापासूनच परावृत्त करण्याचा हा प्रकार लाजिरवाणाच म्हणावा लागेल.

आत्महत्यांच्या बाबतीत शंका उलट्या दिशेची असते, की जीव देण्याचे ठरवलेला माणूसच बंदूक विकत घेत असावा. कॅलिफोर्नियातील सुमारे 2.6 कोटी प्रौढांच्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत गोळीने आत्महत्या होण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळपास आठपट आढळले. खरेदीनंतर लगेचच धोका सर्वाधिक होता, म्हणजे शंकेत तथ्य आहे; परंतु पिस्तूलधारकांच्या अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर घडले, आणि तेथे खरेदीमागचा हेतू हे स्पष्टीकरण फारसे पुरे पडत नाही.