दहा फुटांची झोंपडी

साठी उलटलेल्या माणसाची घरांतली जागा हळूहळू आकसत जाते. मुलांचे संसार वाढतात, नातवंडांच्या अभ्यासाला मेज हवें असतें, आणि एके काळीं सगळ्या घरांतून वावरणाऱ्या माणसाचें सारें विश्व एका खिडकीपाशीं येऊन थांबतें. एक खाट, एक ट्रंक, भिंतींतल्या फडताळाचे दोन खण आणि वर कोणा वंदनीय पुरुषाची तसबीर! शहरांतील दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हें दृश्य नवीन नाहीं. या आकसण्याचें दुःख मानावें, कीं त्यांतूनच कांहीं मोकळीक मिळवावी, हा प्रश्न घरोघर वेगळ्या तऱ्हेनें सुटतो. पुष्कळ ठिकाणीं तो सुटतच नाहीं. आठशें वर्षांपूर्वीं जपानांतील एका वृद्ध कवीनें हाच प्रश्न स्वतःला घातला आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां एक चिमुकलें पुस्तक लिहिलें. त्या कवीचें नांव कामो नो चोमेई, पुस्तकाचें नांव 'होजोकी', आणि तें पुरें झाल्याचें वर्ष इसवी सन १२१२. 'होजो' म्हणजे दहा फूट चौरस जागा. त्या जागेची ही बखर होय.

चोमेईचा जन्म ११५५ च्या सुमारास क्योतो या राजधानीच्या शहरांत झाला. तेथील कामो हें देवस्थान फार प्राचीन व मानाचें. त्यांतील खालच्या देवळाचें मुख्य पुजारीपण चोमेईच्या वडिलांकडे होतें. मुलगा तारुण्यांत पाऊल टाकीत असतांनाच वडील वारले आणि घराण्यांतील त्याचा आधार तुटला. वडिलांकडील आजीच्या मोठ्या वाड्यांत तो कांहीं वर्षें राहिला. परंतु तिशी उलटल्यावर तो वाडा सोडावा लागला. मग नदीजवळ त्यानें आपल्यापुरतें एक घर बांधलें. तें पहिल्या वाड्याच्या दहाव्या हिश्शाएवढें होतें. पुढें साठीच्या उंबरठ्यावर जी झोंपडी त्यानें उभारली, ती या दुसऱ्या घराच्याही शंभराव्या हिश्शास पुरली नसती. हा हिशेब चोमेईनें स्वतःच मांडून ठेविला आहे, आणि तो मांडतांना त्यानें कोठेंही गळा काढलेला नाहीं.

घराविषयींची त्याची आसक्ति सुटण्यास कारणेंही तशींच घडलीं होतीं. ११७७ सालीं राजधानींत प्रचंड आग लागली व शहराचा सुमारें तिसरा हिस्सा जळून गेला. ११८० सालीं वावटळीनें घरेंच्या घरें उखडलीं. त्याच वर्षीं सत्ताधाऱ्यांच्या लहरीखातर राजधानी फुकुहारा येथें हालविण्यांत आली. लोकांनीं घरें मोडून त्यांचीं लाकडें नदींतून वाहून नेलीं, आणि थोड्याच महिन्यांत सर्वांना पुन्हां परतावें लागलें. ११८१ व ११८२ हीं वर्षें दुष्काळाचीं गेलीं. त्या दुष्काळांत ज्याचें प्रेम अधिक, तोच आधीं मरे. कारण मिळालेला घांस तो दुसऱ्याच्या तोंडांत घाली. म्हणून आईबाप मुलांच्या आधीं जात. निन्नाजी मठांतील र्यूग्यो नांवाचा भिक्षु रस्त्यांत पडलेल्या प्रेतांच्या कपाळावर संस्कृत वर्णमालेंतील आद्य अक्षर 'अ' लिहीत हिंडत असे, कीं त्या जीवांचा बुद्धाशीं संबंध जडावा. दोन महिन्यांत राजधानीच्या पूर्वार्धांत अशा कपाळांची गणती ४२,३०० वर गेली. भारतांतून निघालेलें एक अक्षर इतक्या दूर, इतक्या करुण कामीं पडलें, हें वाचून मन क्षणभर स्तब्ध होतें. पुढें ११८५ सालीं भूकंपानें उरलेंसुरलें हादरविलें. माणूस आयुष्यभर राबून घर बांधतो, आणि तें घर इतकें क्षणभंगुर! चोमेईच्या पुस्तकाचा पूर्वार्ध हा असा आहे.

तथापि जगाच्या अनित्यतेनेंच केवळ तो विरक्त झाला, असें म्हणतां येणार नाहीं. त्याच्या अंतःकरणांत एक खाजगी जखमही होती. तो उत्तम कवि होता. बिवा या तंतुवाद्यांत निष्णात होता. राज्यत्याग केलेला सम्राट गो-तोबा यानें १२०१ सालीं पुन्हां स्थापन केलेल्या काव्यशाळेंत त्याला स्थान मिळालें होतें, आणि 'शिन्कोकिनशू' या राजमान्य काव्यसंग्रहांत त्याचीं दहा काव्यें घेतलीं गेलीं. वडिलांच्या देवस्थानाशीं संलग्न असलेल्या कावाई देवळाचें पुजारीपद आपणांस मिळावें, ही त्याची आयुष्यांतील एकच मोठी इच्छा होती. सम्राटाची मर्जीही अनुकूल होती. परंतु १२०४ सालीं एका भाऊबंदानें हरकत घेतली आणि तें पद हातचें गेलें. पन्नाशीच्या सुमारास चोमेईनें दरबार सोडला, मुंडन केलें आणि प्रथम ओहारा येथें व नंतर क्योतोच्या आग्नेयेस हिनो येथील डोंगरांत वास केला. नवल हें, कीं 'होजोकी'त या अपमानाचा एक शब्दही नाहीं. दैव आपल्याला अनुकूल नव्हतें, एवढ्यावरच तो हा विषय मिटवितो. न बोललेलें दुःख पुष्कळदां बोललेल्या दुःखाहून खोल असतें.

आतां ती झोंपडी पाहावी. लांबी-रुंदी दहा दहा फूट, उंची सात फुटांहून कमी. जमीन विकत घेतलेली नाहीं. लाकडाचे सांधे आंकड्यांनीं व कड्यांनीं जोडलेले, म्हणजे जागा मनास न आली तर सारें उकलून दुसरीकडे न्यावें. सगळें सामान दोन गाड्यांत मावेल. गाडीवाल्याच्या मजुरीपलीकडे खर्च नाहीं. पूर्वेस काटक्या जाळण्यासाठीं तीन फुटांची पडवी. दक्षिणेस बांबूची ओटी; तिच्या पश्चिमेस देवाला पाणी वाहण्याची फळी. या पवित्र जलाचें जपानी नांव 'आका', आणि तें संस्कृत 'अर्घ' शब्दाचेंच रूपांतर आहे. आंत वायव्येस आडोसा करून अमिताभ बुद्धाचें चित्र, शेजारीं समंतभद्र बोधिसत्त्वाचें, आणि पुढें सद्धर्मपुंडरीक सूत्राची पोथी. पूर्वेच्या कडेस वाळलेल्या नेच्यांचें अंथरूण. नैर्ऋत्येस टांगलेली फळी. तीवर काळ्या कातड्यानें मढविलेल्या तीन पेट्या, त्यांत कविता, संगीत आणि परलोकसाधनेविषयींचे उतारे. जवळच घडी घालतां येणारें कोतो आणि जोडतोड करतां येणारें बिवा. बाहेर बांबूची पन्हळ, दगडांच्या कुंडांत सांठणारें पाणी, आणि हाताशीं जळण पुरविणारें रान. इतकाच संसार.

या यादींत काय नाहीं याकडे जसें लक्ष जातें, तसेंच काय आहे याकडेही गेलें पाहिजे. जागा नाहीं म्हणून चोमेईनें पुस्तकें टाकलीं नाहींत. त्यानें उतारे करून घेतले. वाद्यें टाकलीं नाहींत. तीं घडीचीं केलीं. देवघर, अंथरूण, ग्रंथ व गाणें या चार गोष्टींना प्रत्येकीं एक कोपरा मिळाला, आणि झोंपडीचे कोपरे संपले. लहान जागेंत राहाणाऱ्या माणसाला एका मोठ्या निवडीला तोंड द्यावें लागतें. वाड्यांत ती निवड टाळतां येते, कारण तेथें अडगळीलाही खोली असते.

त्याची दिनचर्या साधी होती. हात हे त्याचे नोकर आणि पाय हें त्याचें वाहन. नोकर दमला तर त्याला विश्रांति द्यावी, ताजातवाना असला तर कामाला लावावें, उगीच राबवूं नये. जप करण्यास कंटाळा आला तर करूं नये. अडविणारा कोणी नाहीं आणि लाज वाटावी असाही कोणी नाहीं. पाण्याच्या आवाजाला साथ म्हणून तो 'र्यूसेन', म्हणजे वाहता झरा, या नांवाची बिवावरील धून वाजवी. आपलें वादन कच्चें आहे, पण तें कोणाच्या कानांसाठीं नाहीं, अशी तो स्वतःची समजूत घाली. डोंगराच्या पायथ्याशीं रानाच्या राखणदाराचें खोपटें होतें. तेथला दहा वर्षांचा मुलगा अधूनमधून वर येई, आणि दोघे मिळून हिंडत. रानफळें वेंचावीं, करांद्यासारख्या वेलीवरच्या गांठी खुडाव्या, पाणथळांतली भाजी आणावी. एकाचें वय दहा, दुसऱ्याचें साठ. पण आनंद सारखाच. ज्या घरांत आजोबा आणि नातू एकाच खोलींत निजतात, तेथें या जोडीची ओळख करून देण्याची गरज नाहीं.

हवा चांगली असली आणि पायांत बळ असलें, कीं चोमेई लांबच्या वाटेस लागे. डोंगर ओलांडून इवामा व इशियामा येथील देवालयांचें दर्शन घ्यावें; कधीं आवाझूच्या माळावरून सेमिमारूच्या राहत्या जागेचे अवशेष पाहावे, तानाकामी नदी उतरून सारुमारूच्या थडग्याशीं जावें. हे दोघे त्याच्या फार पूर्वीं होऊन गेलेले कवि. सारुमारूची गणना जपानच्या छत्तीस काव्यश्रेष्ठांत होते. त्याच्या चरित्राविषयीं मात्र खात्रीचें असें कांहींच उरलेलें नाहीं. सेमिमारू हा आख्यायिकेप्रमाणें आंधळा बिवावादक. ओसाका नांवाच्या खिंडींत तो झोंपडी बांधून राही. त्याच्याकडील दुर्मिळ धुना ऐकण्यासाठीं हिरोमासा नांवाचा एक थोर सरदार तीन वर्षें रात्रीं येऊन झोंपडीबाहेर उभा राहात असे. त्या धुनांपैकीं एक 'र्यूसेन'. म्हणजे हिनोच्या डोंगरांत पाण्याच्या नादावर चोमेई जी धून वाजवीत होता, ती त्या आंधळ्या वृद्धाचीच ठेव होती! ज्यांना मानावयाचें त्यांच्या थडग्यापर्यंत पायीं जावें, आणि त्यांचें गाणें आपल्या कोपऱ्यांत आपण वाजवावें, ही त्याची स्मरणाची रीत होती. तीस ना सभा लागे, ना पुतळा.

रात्र मात्र लांब असे. चांदणें पडलें कीं जुन्या मित्रांची आठवण होई. वानरांचा आवाज ऐकून बाही भिजे. रानपांखराच्या हांकेनें ही आपली आई तर नव्हे, बाप तर नव्हे, असें मनांत येई. झोंप मोडली कीं राखेंतले निखारे उकरून त्यांनाच म्हातारपणाचा सोबती करावा. एकांतवासाचें स्तोत्र गाणाऱ्या या पुस्तकांतील हीं स्थळें फार खरीं आहेत. चोमेई समाधानी होता, परंतु एकाकी नव्हता असें नाहीं. आणि त्यानें तें लपविलेंही नाहीं.

पुस्तकाचा शेवट तर याहूनही प्रांजळ आहे. झोंपडीचे गुण वर्णून झाल्यावर, चंद्र डोंगराच्या कडेला टेकला असतां, पहांटेच्या शांततेंत चोमेई स्वतःलाच अडवितो. बुद्धानें कशावरही आसक्ति ठेवूं नये असें सांगितलें. मग या झोंपडीवरचें आपलें प्रेम ही आसक्ति नव्हे काय? वैशालीचा गृहस्थ विमलकीर्ति याची खोली बौद्ध परंपरेंत दहा फूट चौरस मानली गेली. तीत त्यानें बत्तीस हजार आसनें मावविल्याची कथा सूत्रांत आहे. चोमेईनें झोंपडीचें माप घेतलें तें त्या खोलीचें. परंतु मनाचें माप? ज्या चूडपंथकाला महिनोन्‌महिने एक श्लोकही पाठ झाला नाहीं, पण जो पुढें अर्हत्पदास पोंचला, त्याचीही सर आपल्याला येत नाहीं, असें तो लिहितो. मनाला त्यानें जाब विचारला. मनानें उत्तर दिलें नाहीं. जिभेला कामास लावून त्यानें अमिताभाचें नांव दोन-तीन वेळां घेतलें, आणि पुस्तक संपविलें.

१२१६ सालीं चोमेई वारला. हिनोच्या डोंगरांत त्याच्या जागेची खूण म्हणून एक शिला दाखवितात. पुढें कादंबरीकार म्हणून कीर्ति पावलेल्या नात्सुमे सोसेकीनें विद्यार्थिदशेंत, १८९१ सालीं, 'होजोकी'चें इंग्रजी भाषांतर केलें. जें कावाई देवळाचें पद चोमेईला मिळालें नाहीं, त्याच देवळाच्या आवारांत पुढें त्याच्या झोंपडीची प्रतिकृति उभी राहिली. त्याला नाकारणाऱ्या भाऊबंदाचें नांव आज लोक स्मरतात तें केवळ चोमेईच्या चरित्रामुळें.

खिडकीजवळच्या खाटेवर बसलेल्या वृद्धाला या कथेंतून कांहीं घ्यावयाचेंच असेल, तर तें झोंपडीचें माप नव्हे. तें घराच्या भिंतीच ठरवितात. कोपरे चारच आहेत, तेव्हां त्यांत काय ठेवावें, हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावें. घरांतील कर्त्या माणसांनीं जागेच्या अडचणीपायीं आजोबांची ट्रंक माळ्यावर टाकण्यापूर्वीं, त्या ट्रंकेंत बिवा आहे कीं अडगळ, एवढें एकदां त्यांनाच विचारून पाहावें.