वायूवर चालणाऱ्या मोटारीचा मासिक खर्च

(नभोवाणीवरील भाषण)



हत्ती विकत घेणें एक आणि तो पोसणें दुसरें, असें आपल्याकडे म्हणतात. मोटारीसही तेंच लागू आहे. मोटार घेतांना मनुष्य चार दुकानें हिंडतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारतो, किंमतींत घासाघीस करतो. परंतु तीच मोटार दारांत उभी राहिल्यावर दर महिन्यास घरखर्चांतून किती रुपये नेणार, हें त्यानें आधीं कागदावर मांडलेलें क्वचितच आढळतें. नैसर्गिक वायूवर, म्हणजे ज्यास आपण सर्वजण सी. एन. जी. म्हणतों त्यावर, चालणाऱ्या मोटारीचा मासिक खर्च कसा काढावा, तें मी आज सांगणार आहें. विषय रुक्ष आहे खरा. पण मुलांची फी, घराचें भाडें आणि औषधपाणी ज्या मिळकतींतून भागवावयाचें, तींतूनच मोटारीचाही वांटा निघावयाचा असतो. म्हणून तो टाळतां येत नाहीं.

वायूवर गाडी चालविणें आपल्याकडे अगदींच नवें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां कोळशापासून तयार केलेल्या वायूवर बसगाड्या धावत असत. आजचा वायू मात्र निराळा. तो मुख्यतः मिथेन होय. १९७४ सालीं मुंबईजवळच्या समुद्रांत ‘बॉम्बे हाय’ येथें तेलाचा शोध लागला, आणि त्या क्षेत्रांतून तेलाबरोबर वायूही मिळूं लागला. आतां आपल्या देशांतील वायू पुरत नाहीं, म्हणून परदेशांतूनही तो द्रवरूपानें जहाजांतून आणावा लागतो. अशा रीतीनें आलेला वायू सुमारें २०० पट दाबाखालीं, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या २०० पट दाबानें, गाडीच्या मागील भागांत बसविलेल्या पोलादी नळकांड्यांत भरतात.

येथें पहिला प्रश्न उद्भवतो तो मापाचा. पेट्रोल लिटरांनीं विकतात, वायू किलोंनीं. असें कां? ज्यांनीं शाळेंत बॉईल आणि चार्ल्स यांचे नियम घोकले असतील, त्यांना उत्तर ठाऊक आहे. वायूचें आकारमान दाबानें आणि उष्णतेनें बदलतें. वजन बदलत नाहीं. म्हणून विक्रीस वजनच खरें. याच कारणास्तव ६० लिटर पाणी मावेल अशा नळकांड्यांत कागदोपत्रीं नऊ-दहा किलो वायू मावत असला, तरी वैशाखाच्या दुपारीं, घाईनें भरतांना, त्यांत सात-आठच किलो जातो. भरतांना तापलेला वायू फुगलेला असतो. पुढें तो निवला, कीं दाबाचा कांटा खालीं येतो. यांत पंपवाल्याची लबाडी आहे असें समजूं नये, कारण आपण पैसे देतों ते वजनाचे. फक्त पुढची भरणी लवकर करावी लागते, इतकेंच.

दुसरा प्रश्न असा, कीं एका किलोंत गाडी किती चालेल? कारखानदार जो आकडा छापतो तो प्रयोगशाळेंतील ठरीव चांचणीचा असतो. त्या चांचणींत घोडबंदरची गर्दी नसते, पावसाळ्यांतील खड्डे नसतात, आणि गाडींत पांच माणसें व त्यांचें सामानही नसतें. तेव्हां त्या आकड्यावर अंदाजपत्रक उभारणें म्हणजे वाळूवर भिंत बांधणें होय. आपला आकडा आपणच काढावा. त्याची कृति सोपी आहे. नळकांडें एकदां पूर्ण भरून घ्यावें व त्या वेळीं गाडीच्या अंतरमापकावरील आकडा वहींत टिपावा. ही पहिली भरणी हिशोबांत धरूं नये. त्यापुढील दहा भरण्यांच्या पावत्यांवरील किलोंची बेरीज करावी. दहाव्या भरणीच्या वेळीं पुन्हां अंतर पाहावें. समजा, आरंभीं १२,३४० होते व शेवटीं १४,१३० झाले. अंतर झालें १,७९० किलोमीटर. त्यांपैकीं ९० पेट्रोलवर गेले असतील, तर वायूवर १,७०० राहिले. किलो भरले ६८. भागाकार केला, कीं उत्तर आलें २५. एकाच भरणीवरून हा आकडा काढूं नये. कारण प्रत्येक वेळीं दाब सारखा नसतो. दहा भरण्यांत ती उणीव-अधिकता पुष्कळशी मिटून जाते.

आतां एक उदाहरण घेऊं. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं आंकडे लिहून घ्यावे. ठाण्यास राहणारे एक गृहस्थ कचेरीस जाऊन-येऊन दररोज ४० किलोमीटर गाडी चालवितात. महिन्यांतील २२ दिवसांचे झाले ८८०. चार रविवारीं आप्तेष्टांकडे प्रत्येकीं ३० प्रमाणें १२०. एकूण १,००० किलोमीटर. वायूचा भाव हिशोबापुरता किलोस ८० रुपये आणि पेट्रोलचा लिटरला १०४ रुपये धरूं; श्रोत्यांनीं त्या जागीं आपल्या पंपावरचा भाव घालावा.

वायूची गाडी म्हटली तरी तिला पेट्रोल अजिबात लागत नाहीं असें नव्हे. पुष्कळशा गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग वायूवर जातात. आणि वायू संपला व पंपावर लांब रांग असली, तर पेट्रोलवरच घर गांठावें लागतें. म्हणून ५० किलोमीटर पेट्रोलचे धरूं. लिटरला १७ किलोमीटर प्रमाणें सुमारें तीन लिटर लागले. त्यांचे ३१२ रुपये. उरलेल्या ९५० किलोमीटरांस किलोस २५ प्रमाणें ३८ किलो वायू; त्यांचे ३,०४० रुपये. इंधनाची बेरीज ३,३५२ रुपये झाली. बहुतेकांचा हिशोब येथेंच थांबतो, आणि तेथेंच तो चुकतो.

कारण जे खर्च दर महिन्यास दिसत नाहींत, ते वर्षाकांठीं एकदम दारांत उभे राहतात. त्यांचे मासिक तुकडे पाडून ठेवले पाहिजेत. विम्याचा हप्ता वर्षास १८,००० असेल, तर महिन्यास १,५००. देखभाल वर्षास ९,००० असेल, तर ७५०. चार टायर २०,००० रुपयांचे व ते ४०,००० किलोमीटर टिकले, तर किलोमीटरला आठ आणे पडले. म्हणजे आमच्या गृहस्थांस महिन्यास ५००. बॅटरी ४,८०० रुपयांची व आयुष्य चार वर्षांचें मानलें, तर १००. शिवाय वायूच्या गाडीचा एक खास खर्च आहे, तो म्हणजे नळकांड्याची चांचणी. नियमाप्रमाणें दर तीन वर्षांनीं तें उतरवून पाण्याच्या दाबानें तपासावें लागतें. त्यास ३,००० रुपये धरले, तर महिन्यास ८३ पडतात. रक्कम लहान आहे. पण ही चांचणी केवळ कागदासाठीं नाहीं. आपलीं मुलेंबाळें ज्या बैठकीवर बसतात, तिच्या मागेंच २०० पट दाब कोंडलेला असतो. येथें काटकसर करणारा मनुष्य काटकसरी नव्हे. वायूचें यंत्र मागाहून बसविलें असेल, तर तें मान्यताप्राप्त असावें, आणि नोंदणीच्या पुस्तकांत व विम्याच्या करारपत्रांत त्याची नोंद असावी, हेंही सांगून ठेवतों. शेवटीं गाडी उभी करण्याचें भाडें १,००० धरलें, तर सर्व मिळून बेरीज होते ७,२८५ रुपये. इंधन ३,३५२ आणि एकूण त्याच्या दुपटीहून अधिक, हें ध्यानांत ठेवावें. गाडीसाठीं कर्ज काढलें असेल, तर त्याचा हप्ता याहून निराळा.

आतां मुख्य प्रश्न. वायूची गाडी घेणें फायद्याचें आहे काय? तीच गाडी पेट्रोलवर चालविली, तर १,००० किलोमीटरांस सुमारें ५९ लिटर, म्हणजे ६,११८ रुपये लागतील. इंधनांत बचत २,७६६ ची. चांचणीचे ८३ वजा जातां २,६८३ राहिले. पण वायूची गाडी घेतांना, समजा, ९५,००० रुपये अधिक मोजावे लागले. ते भरून निघण्यास सुमारें तीन वर्षें लागतील. हा व्यवहार चांगला.

याच्या उलट एक सेवानिवृत्त जोडपें घ्या. त्यांची गाडी महिन्यास ३०० किलोमीटर चालते. इंधनांतील बचत ८३० ची. चांचणी वजा जातां ७४७. त्याच ९५,००० ची भरपाई व्हावयास साडेदहा वर्षें लागतील. आणि ती रक्कम शेंकडा सहा व्याजानें बँकेंत ठेवली असती, तर महिन्यास ४७५ रुपये घरबसल्या आले असते, तें निराळेंच. म्हणजे हातीं खरे उरले २७२ रुपये. इतक्यासाठीं रांगेंत उभें राहणें आणि सामानाची जागा नळकांड्यास देणें परवडतें काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. शेजाऱ्यास जी गाडी लाभली ती आपणांसही लाभेलच, असें नाहीं. निर्णय गाडीच्या गुणावर नसून आपण ती किती चालवितों यावर आहे.

भाव मात्र स्थिर राहत नाहींत. १ एप्रिल २०२२ रोजीं महाराष्ट्र सरकारनें नैसर्गिक वायूवरील कर शेंकडा १३॥ वरून ३ वर आणला. पुढें एप्रिल २०२३ मध्यें देशांतील जुन्या क्षेत्रांच्या वायूचा भाव कच्च्या तेलाच्या भावाशीं जोडून दर महिन्यास ठरविण्याची पद्धत सुरू झाली. तेव्हां एकदां केलेलें अंदाजपत्रक वर्षभर चालेल, या भ्रमांत राहूं नये. दर तिमाहीस भाव बदलून तीच आंकडेमोड पुन्हां करावी. भाव दहा रुपयांनीं चढला, तर आमच्या ठाण्याच्या गृहस्थांस महिन्यास ३८० रुपये अधिक लागतील, हें आधींच ठाऊक असलेलें बरें.

या सर्वांस साधन लागतें तें एक लहानशी वही. ती गाडींत ठेवावी, आणि दर भरणीस तारीख, अंतर, किलो व रुपये अशीं चार घरें भरावीं. विमा, टायर आणि चांचणी यांचे मासिक तुकडे एका निराळ्या खात्यांत टाकीत जावें. म्हणजे विम्याची मुदत आली असतां मुलाच्या फीला हात लावावा लागणार नाहीं. मोटार ही चैन आहे कीं गरज, हा वाद पुष्कळ घरांत चालतो. वहींतील आंकडे समोर असले, कीं त्या वादांत आवाज चढविण्याचें कारण पडत नाहीं.