प्रतिस्पर्ध्यांची संयुक्त चाचणी



बाजारात एकमेकांवर मात करू पाहणाऱ्या कंपन्यांचे अभियंते आपापली अपुरी उत्पादने घेऊन एकाच दालनात बसतात आणि परस्परांच्या चुका शोधून देतात, असा प्रसंग आमच्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८० च्या दशकात सुरू केलेल्या ‘कनेक्टॅथॉन’ मेळाव्यात मात्र नेमके हेच घडत असे.

दूरच्या संगणकावरील फाइल आपल्याच संगणकावर असल्याप्रमाणे वापरता यावी, यासाठी सनने ‘नेटवर्क फाइल सिस्टीम’ विकसित केली आणि तिचे नियम इतरांना खुले केले. १९८९ मध्ये ते ‘आरएफसी १०९४’ या दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्धही झाले. तथापि, छापील नियम एक असला तरी दोन अभियंते त्याचा अर्थ दोन प्रकारे लावतात. फाइलला कुलूप लावलेले असताना सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर ते कुलूप कोणाचे? अशा ठिकाणी दोन्ही कंपन्या स्वतःला निर्दोष मानतात. काम मात्र ग्राहकाचे अडते. म्हणूनच या मेळाव्याच्या चाचणीसंचात प्राथमिक, सर्वसाधारण व विशेष चाचण्यांबरोबर कुलपांसाठी स्वतंत्र चाचण्या होत्या.

दहा कंपन्यांपैकी प्रत्येकीचे सॉफ्टवेअर उरलेल्या नऊ जणींच्या सर्व्हरशी जोडून पाहायचे, तर ९० जोड्या होतात. हे काम एका छताखाली उरकल्यास खर्च किती वाचतो, हे निराळे सांगायला नको.

परंतु सर्वांनाच सुसंगतता हवी असते असे नाही. कॅट्झ आणि शापिरो यांनी १९८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे, मोठे जाळे हाती असलेल्या कंपनीला ती नकोशी वाटू शकते. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला. प्रतिस्पर्ध्यांच्या सर्व्हरना आवश्यक असलेली सुसंगततेची माहिती रोखून धरणे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानेही तो दंड कायम ठेवला.

भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. ते स्वागतार्हच आहे. मात्र निविदेत मानकाचे नाव नमूद केले की खरेदीदार सुरक्षित झाला, असे मला वाटत नाही. दोन स्वतंत्र पुरवठादारांच्या यंत्रणा प्रत्यक्ष जोडून दाखविण्याची अट त्याच निविदेत हवी. अन्यथा पाच वर्षांनी नवा सर्व्हर घेताना जुन्याच कंपनीच्या दारी, तिच्याच दराने, जावे लागते.