अंगणातून बागेत

महाड आणि पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून ऐकणाऱ्या सगळ्या तायांना, काकींना, मावश्यांना आमच्या गटांकडून रामराम आणि जय भीम. दुपारची वेळ आहे. कुणी तांदूळ निवडत असेल, कुणाची भांडी चालली असतील. हात चालू द्या, फक्त कान इकडे द्या.

आज आम्ही बचतीवर बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्यांवरही नाही. आज बोलायचं आहे ते खेळावर, गाण्यावर आणि बसायच्या जागेवर.

मागे एकदा ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारला होता. गेल्या महिन्याभरात काही कामाशिवाय तुम्ही घराबाहेर कुठे बसलात? बाजार धरायचा नाही, दवाखाना नाही, बँक नाही, रेशनची रांगही नाही. नुसतं बसायला म्हणून कुठे गेलात? सगळ्या गप्प. थोड्या वेळाने मागून एक काकी म्हणाल्या, "एसटीची वाट बघत दोन तास बसले होते, ते धरायचं का?" सगळ्या हसलो. पण घरी जाताना ते हसू काही आमच्या बरोबर आलं नाही.

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या शेजारी एक छोटी बाग आहे. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, व्यायामाची चार यंत्रं, सिमेंटचे बाक आणि मधे मोकळी जागा. फाटकावर पाटी आहे, "सर्वांसाठी खुली". संध्याकाळी तिथे मुलगे क्रिकेट खेळतात. बाकांवर पुरुषमंडळी बसतात. लहान मुली झोपाळ्यावर असतात, पण पाचवी-सहावीच्या पुढची मुलगी तिथे दिसत नाही. बायका तर फाटकाबाहेरून मुलांना हाका मारतात आणि तिथूनच परत फिरतात. कुणी अडवलेलं नाही. तरी आत जात नाही.

हे आपल्याच गावात आहे असं समजू नका. ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तिथे १९९६-९७च्या सुमारास बागांची पाहणी झाली. साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुली बागेत येईनाशा होतात, असं दिसलं. मधली मोकळी जागा मुलगे व्यापत आणि मुली मागे सरत. मग तिथल्या नगरपालिकेने दोन बागा नव्याने आखल्या. पायवाटा वाढवल्या, मोठ्या मैदानाचे भाग पाडले, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलची सोय केली. मुली परत येऊ लागल्या. म्हणजे दोष मुलींच्या लाजण्यात नव्हता, जागेच्या मांडणीत होता.

आता आमची गोष्ट सांगतो. ती सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगायलाच हवी.

आमचे गट दरवर्षी संक्रांतीनंतर हळदीकुंकू करायचे. कुणाच्या तरी अंगणात, शेणाने सारवून, रांगोळी घालून. वाण, तिळगूळ, उखाणे, फुगड्या. आम्हाला वाटायचं, हा आपल्या गटांचा कार्यक्रम, सगळ्याजणींचा. पण सगळ्या म्हणजे कोण? आमच्या एका गटाच्या खजिनदार काकी आहेत. त्यांचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली. वाणाची खरेदी त्यांच्या हातची, तिळगुळाचा हिशोब त्यांच्या हातचा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्या घरी. आम्हीही कधी विचारलं नाही. "त्यांना बरं वाटायचं नाही," असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

दुसरी गोष्ट बौद्धवाडीच्या गटाची. ग्रामसंघात तोही गट आमच्या बरोबरीचा. परतफेडीत तर सगळ्यांत चोख. एका बैठकीत त्यांच्या अध्यक्ष ताई शांतपणे म्हणाल्या, "हप्त्याला आमचं नाव पहिलं वाचता. तिळगुळाला मात्र आमचा पत्ता सापडत नाही."

काय उत्तर देणार? अंगण कुणाचं तरी असतं. तिथे कुणाला बोलवायचं ते घर ठरवतं, सासूबाई ठरवतात, भावकी ठरवते. म्हणून आम्ही ठरवलं, कार्यक्रम बागेत घ्यायचा. बाग कुणाच्या घरची नाही.

गावात कुजबुज झाली. "बायका आता बागेत नाचणार का?" शिमग्याला पालखी नाचते ती उघड्यावर, गणपतीत बाल्या नाचतो तोही उघड्यावर. पुरुषांनी रस्त्यावर फेर धरला की परंपरा, आणि बायकांनी बागेत फुगडी घातली की तमाशा! आम्ही ऐकून घेतलं आणि अर्ज दिला.

पहिल्या वर्षी सहा गटांतून सतराजणी आल्या. आणि तिथे आमच्याकडून चूक झाली. फाटकाशी टेबल लावलं, पांढरं कापड घातलं, त्यावर हळदीकुंकवाचं तबक ठेवलं, दोन मुली उभ्या केल्या. सवयीने केलं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. खजिनदार काकी तिळगुळाची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी तबक पाहिलं. पिशवी कुंपणावरून आत दिली आणि म्हणाल्या, "हिशोबाची चिठ्ठी आत आहे." आणि गेल्या. बौद्धवाडीच्या चारजणी आल्या. तबकापाशी थांबल्या, नको म्हणाल्या आणि एका कडेला वेगळ्या बसल्या.

त्या रात्री आमच्यापैकी कुणाला झोप आली नाही. आम्ही जागा बदलली होती, पण अंगण बरोबर घेऊन आलो होतो.

मैत्रिणींनो, आपण महाडच्या परिसरात राहतो. हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको होतं. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर! तीन वर्षं गेली. तळ्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा ते खरं खुलं झालं. त्यानंतरही सत्याग्रहींना मार खावा लागला, तळ्याचं शुद्धीकरण झालं, कोर्टात खटला चालला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. त्याच १९२७च्या डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी वेगळं बोलले होते.

आमच्या बागेची आणि त्या लढ्याची बरोबरी आम्ही करत नाही. तो पाण्याचा आणि माणूसपणाचा लढा होता. पण त्यातली एक गोष्ट आमच्या कामाची आहे. "सर्वांसाठी खुली" अशी पाटी लावली म्हणजे जागा खुली होत नाही. ज्यांचं पाऊल तिथे पडत नव्हतं, त्यांचं पडलं की होते.

मग आम्ही काकींच्या घरी गेलो. माफी मागितली. बौद्धवाडीत बैठक घेतली आणि पहिल्यांदाच विचारलं, "कार्यक्रम कसा असावा?" तिथल्या ताईंनीच सुचवलं, "संक्रांतीला कशाला, तीन जानेवारीला करू." सावित्रीबाई फुल्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१चा. तोवर भाताची झोडणी उरकलेली असते. आणि आपली नदीही सावित्रीच! सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या वर्षी फाटकावर तबक नव्हतं. आत येणारीने आपलं नाव सांगायचं, नवऱ्याचं नाही, फक्त स्वतःचं. तिला तिळगुळाची वडी आणि भाजीच्या बियांची पुडी. साठाच्या वर बायका आल्या. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, संगीत खुर्ची झाली. एका आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. त्यांच्यानंतर बौद्धवाडीतल्या मावशींनी बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हटल्या. चाल जवळपास एकच निघाली! दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एका गावात चाळीस वर्षं राहून एकमेकींचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. महाराष्ट्रभर हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओव्या म्हणायची जागाही गेली. ती जागा बाग होऊ शकते.

आणि काकी? त्या आल्या. बाकावर बसल्या. फुगडी घातली नाही, पण शेवटी हिशोब वाचून दाखवला, माइकवर, सगळ्यांसमोर. आम्हाला तेवढं पुष्कळ होतं.

सगळं गोड झालं असं नाही. काहीजणी म्हणाल्या, "सवाष्णीचा मान गेला." त्या आपापल्या घरी हळदीकुंकू करतात, आम्ही त्यांच्याकडेही जातो, भांडण नाही. पण गटाच्या नावाने जो कार्यक्रम होईल, तो सगळ्यांचाच होईल, असा आमचा ठराव आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर शासनानेही इतर गावांना तसं आवाहन केलं. गाव मनावर घेतं तेव्हा होतं.

आणखी एक उणीव राहिली आहे. आदिवासीवाडीतल्या बऱ्याच कातकरी बहिणी दिवाळीनंतर कुटुंबासकट वीटभट्टीवर गेलेल्या असतात. तीन जानेवारीला त्या गावात नसतातच. म्हणजे आम्ही "सगळ्यांच्या" म्हणून जी तारीख धरली, तिनेही कुणाला तरी बाहेर ठेवलंच. लावणी उरकल्यावर, त्या गावात असताना, दुसरा कार्यक्रम घ्यायचं ठरतंय. आपल्याकडचा पाऊस तेव्हा बागेत बसू देणार नाही, म्हणून शाळेची पडवी मागणार आहोत.

आता तुमच्या गावात करायचं असेल तर चार गोष्टी सांगतो.

पहिली, अर्ज लेखी द्या. गावात ग्रामपंचायतीकडे, महाडला नगर परिषदेकडे, पोलादपूरला नगरपंचायतीकडे. दोन प्रती करा, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. लाऊडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची वेगळी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर लावता येत नाही, पण आपला कार्यक्रम दुपारचाच असतो.

दुसरी, वेळ बायकांची धरा. आम्ही तीन ते पाच धरतो. डोंगरातल्या वाडीवरून येणारीला परतीची एसटी मिळायला हवी. ती चुकली तर पुढच्या वर्षी ती येणार नाही, आणि तिच्या घरचे शेजारणीलाही पाठवणार नाहीत.

तिसरी, पाणी आणि संडास. बागेत संडास नसेल तर शेजारच्या शाळेची किंवा पंचायतीची किल्ली आधी मागून ठेवा. भाषणाला पाहुणा नसला तरी चालेल, याशिवाय चालणार नाही.

चौथी, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हे लक्षात ठेवा आणि तिथे बोला. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हा पैसा हारतुऱ्यांसाठी नाही. पण मुलींच्या खेळाचं साहित्य आणि बायकांसाठी संडास हे विषय सभेत मांडा, ठरावात नोंद झाली की नाही ते वाचून बघा.

आणि क्रिकेट खेळणाऱ्या मुलांशी आधी बोला. ती आपलीच मुलं आहेत. आमच्याकडे त्यांनी दोन तास मैदान दिलं. थोडी कुरकुर केली, पण सतरंज्याही उचलल्या.

आपल्या घरचे चाकरमानी मुंबईला असतात. त्यांना दादरचं शिवाजी पार्क माहीत आहे. ते १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली ते शिवाजी पार्क झालं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. मैदानाला नाव देणारी एक बाई होती. पुढच्या वेळी घरी फोन आला की हे त्यांना जरूर सांगा.

आज संध्याकाळी एकच करा. तुमच्या गावात बाग असेल, मैदान असेल, पारावर जागा असेल, तिथे एका मैत्रिणीला घेऊन जा आणि दहा मिनिटं बसा. काही कामाशिवाय. जाताना त्या मैत्रिणीला बोलवा, जिला आजवर कुणी बोलावलं नसेल.

भेटू पुढच्या बुधवारी, याच वेळी.